एफआयए खरंच एखाद्या टीमच्या बाजूने झुकते का, हे घरबसल्या कसं तपासायचं

फॉर्म्युला वनची रेस संपली की दहा मिनिटांत भांडण सुरू होतं, एकीकडे "सगळं सेटिंग आहे" आणि दुसरीकडे "हरलात म्हणून रडताय", आणि गंमत म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींनी स्टुअर्ड्सचा (रेसच्या पंचांचा) कागद उघडूनसुद्धा बघितलेला नसतो. तक्रार तशी जुनीच आहे. शूमाकरच्या काळात फेरारी जिंकत सुटली होती (२००२ मध्ये १७ पैकी १५ रेस, काय बोलणार) तेव्हा लोकांनी एफआयएचं (फॉर्म्युला वनचे नियम बनवणारी आणि राबवणारी संघटना) बारसंच नव्याने केलं होतं, फेरारी इंटरनॅशनल असिस्टन्स. मग मर्सिडीज जिंकायला लागली तर मर्सिडीज लाडकी, रेड बुल जिंकली तर रेड बुल लाडकी. आरोप नेहमी जिंकणाऱ्याच्याच मागे लागतो, यातच अर्धं उत्तर आहे. पण अर्धंच हां, कारण काही ठिकाणी खरंच पाणी मुरतं आणि ते कुठे मुरतं हे शोधता येतं. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही, एक साधी शीट आणि थोडा पेशन्स पुरतो.

पहिलं काम: निर्णय नेमका कुणी दिला ते लिहा

"एफआयएने पेनल्टी दिली" हे वाक्य निम्म्या वेळा चुकीचं असतं. रेस चालवतो तो रेस डायरेक्टर, म्हणजे सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवणारी गाडी) कधी ट्रॅकवर आणायची, रेड फ्लॅग दाखवून रेस कधी थांबवायची वगैरे. पेनल्टी देतात ते स्टुअर्ड्स, तीन-चार जणांचं पॅनल, जे दर रेसला बदलतं आणि २०१० पासून त्यात एक माजी ड्रायव्हर असतो. गाडी मोजतो टेक्निकल डेलिगेट, पण तो फक्त रिपोर्ट देतो, शिक्षा नाही. नियम बनतात वरच्या पातळीवर, मोठ्या भानगडी वर्ल्ड मोटर स्पोर्ट कौन्सिलकडे जातात आणि अपील पॅरिसच्या अपील कोर्टात. ही सगळी माणसं एकच आहेत असं धरून चाललात तर पुढचं सगळं गणित चुकतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण २००६ चं. रेनोच्या गाडीत मास डॅम्पर नावाचा प्रकार होता, स्प्रिंगवर टांगलेलं एक वजन जे गाडीचं उसळणं कमी करतं. हॉकेनहाइमला स्टुअर्ड्स म्हणाले चालेल, कायदेशीर आहे. आणि मग एफआयएने स्वतःच्याच स्टुअर्ड्सच्या निर्णयाविरुद्ध अपील केलं आणि ऑगस्टमध्ये जिंकलंसुद्धा! तेव्हा रेनोचा अलोन्सो आणि फेरारीचा शूमाकर यांची टायटलसाठी लढाई चालू होती, शूमाकर लागोपाठ रेस जिंकत होता, त्यामुळे फेरारीच्या फायद्यासाठीच हे केलं असं लोक म्हणाले यात नवल नाही. पण शीटमध्ये याची नोंद करताना स्टुअर्ड्सच्या नावाने खडे फोडायचे नाहीत, त्यांनी रेनोच्याच बाजूने निकाल दिला होता, प्रश्न विचारायचा तो वरच्या ऑफिसला. (टायटल शेवटी अलोन्सोनेच घेतलं ते वेगळं.)

कागद वाचायला शिका

स्टुअर्ड्सचा प्रत्येक निर्णय पीडीएफ म्हणून एफआयएच्या साइटवर पडतो. एक-दोन पानं असतात. वर गाडी नंबर, ड्रायव्हर, टीम, सेशन, मग फॅक्ट, इन्फ्रिंजमेंट, डिसिजन आणि रीझन. लोक डिसिजन वाचून थांबतात, तुम्ही फॅक्ट आणि रीझन यांच्यामध्ये किती अंतर आहे ते बघा. फॅक्टमध्ये मोजलेला आकडा असेल तर तिथे मर्जीला फार जागा नसते, वजन कमी म्हणजे कमी. २०२४ ला स्पा इथे रसेल रेस जिंकला आणि गाडी दीड किलो हलकी भरली, निकाल गेला, त्यात कुणाचा कोण लाडका हा प्रश्नच येत नाही. पण फॅक्टमध्ये "कडेला जागा सोडली नाही" किंवा "फायदा उचलला" असलं काही असेल तर ते मत आहे, आणि झुकायला जागा मतातच असते. म्हणून शीटमध्ये दोन रकाने करा, मोजलेलं आणि ठरवलेलं.

आता तुम्ही म्हणाल मोजलेल्यातही घोळ होतो की. होतो, आणि तो घोळ झाला की मात्र डोळे उघडे ठेवायचे. १९९९, सेपांग. फेरारीच्या अर्व्हाइन आणि शूमाकरने पहिला-दुसरा नंबर काढला, रेसनंतर टेक्निकल डेलिगेटने बार्जबोर्ड (गाडीच्या बाजूचे हवा वळवणारे भाग) मोजले तर साधारण १० मिलिमीटरचा फरक, दोन्ही गाड्या बाद. मॅक्लारेनचा हक्किनेन तिथल्या तिथे चॅम्पियन. टीमनेही फरक आहे हे नाकारलं नव्हतं, पार्ट घेऊन पत्रकारांसमोर दाखवला होता. आणि मग आठवड्याभरात पॅरिसच्या कोर्टाने निकाल फिरवला, मोजायची पद्धत पुरेशी अचूक नव्हती आणि नीट मोजलं तर भाग ५ मिलिमीटरच्या टॉलरन्समध्ये बसतो म्हणून. दोघांचे नंबर परत, अर्व्हाइन ४ पॉइंटने पुढे आणि सुझुकाला शेवटच्या रेसमध्ये टायटलचा फैसला.

याच्या शेजारी ठेवा २०२१ चं ब्राझील. हॅमिल्टनच्या मागच्या विंगची फट ८५ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडते असं निघालं, मर्सिडीजच्या म्हणण्याप्रमाणे फरक ०.२ मिलिमीटरचा, स्टुअर्ड्सनी स्वतः लिहिलं की टीमने मुद्दाम केलेलं नाही, तरी क्वालिफायिंग (सुरुवातीची जागा ठरवणारं सेशन) बाद आणि स्प्रिंटला (मुख्य रेसआधीची छोटी रेस) सगळ्यात शेवटून सुरुवात. एकीकडे १० मिलिमीटर माफ, दुसरीकडे ०.२ ला फाशी! असं लिहिलं की पोस्ट व्हायरल होते, पण थांबा जरा. मध्ये २२ वर्षं गेलीत, माणसं वेगळी, नियम वेगळे, एक निकाल अपील कोर्टाचा आणि दुसरा स्टुअर्ड्सचा. तुलना करायचीच तर त्याच सीझनची, त्याच नियमाची करा.

जुळं शोधा

माझ्या मते सगळ्यात कामाची स्टेप हीच. पक्षपात म्हणजे काय, तर तीच चूक दोघांनी केली आणि एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा. म्हणजे एका प्रसंगावरून काहीही सिद्ध होत नाही, त्याचं जुळं लागतं. आणि हे काही फॅन लोकांचं खूळ नाही, २०२३ ला जेद्दाहमध्ये अलोन्सोचा पोडियम (पहिल्या तिघांतली जागा) असाच परत मिळाला. पिटमध्ये पेनल्टी भोगत असताना मागचा जॅक (गाडी उचलायचं साधन) गाडीला टेकला म्हणून रेस संपल्यावर १० सेकंद लावले होते, अॅस्टन मार्टिनने आधीच्या रेसचे व्हिडिओ काढून दाखवले की बाबांनो जॅक टेकलेला आणि पेनल्टी नाही अशी ही उदाहरणं, तेव्हा चालवून घेतलं होतं. स्टुअर्ड्सनी पेनल्टी काढून घेतली.

जुळं शोधताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: नियमाचा क्रमांक, सीझन, आणि परिस्थिती (ओली-कोरडी ट्रॅक, पहिला लॅप की शेवटचा). पहिल्या लॅपला स्टुअर्ड्स सगळ्यांनाच सैल सोडतात हे लक्षात ठेवा. २०२५ मध्ये एफआयएने पेनल्टीच्या गाइडलाइन्स जाहीर केल्या, त्यामुळे आता काम सोपं झालंय, कुठल्या चुकीला साधारण किती हे आधीच लिहिलेलं असतं, त्यापेक्षा कमी-जास्त दिलं असेल तर रीझनमध्ये कारण शोधायचं. कारण असेल तर ठीक. नसेल तर शीटमध्ये लाल रंग.

जुळं सापडतच नाही असंही होतं. २००८, स्पा. मॅक्लारेनच्या हॅमिल्टनने शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) कापली, फेरारीच्या रायकोनेनला जागा परत दिली आणि लगेच पुढच्या वळणावर त्याला ओव्हरटेक केलं. मॅक्लारेनने तिथल्या तिथे रेस कंट्रोलला विचारलं, रेस डायरेक्टर चार्ली व्हाइटिंग यांचं मत पडलं की ठीक वाटतंय. रेसनंतर स्टुअर्ड्सनी २५ सेकंद लावले, विजय फेरारीच्या मासाला. अपील केलं तर कोर्ट म्हणालं असल्या पेनल्टीवर अपील चालतच नाही. आणि जागा परत दिल्यावर लगेच पुढच्या वळणावर हल्ला करायचा नाही हे स्पष्टपणे ड्रायव्हरांना सांगितलं गेलं ते नंतर, वरातीमागून घोडं. अशा केसमध्ये नोंद करताना "पक्षपात" लिहू नका, "नियम धूसर होता आणि धूसरपणाचा फायदा फेरारीला गेला" असं लिहा. दिसायला मिळमिळीत वाटतं, पण कुणी खोडून काढू शकत नाही.

उलटा रकाना भरल्याशिवाय पोस्ट टाकू नका

इथेच बहुतेकांची गाडी अडते. फेरारी लाडकी हे सिद्ध करायचं असेल तर फेरारीला बसलेले फटकेसुद्धा लिहायचे. १९९७ ला हेरेथमध्ये शूमाकरने व्हिलनव्हला धडक दिली, त्याला अख्ख्या सीझनच्या ड्रायव्हर क्रमवारीतून काढलं. २००६ ला मोनॅकोच्या क्वालिफायिंगमध्ये रास्कासच्या वळणावर त्याची गाडी "बंद पडली" (मुद्दाम, असं स्टुअर्ड्सचं मत), थेट शेवटच्या रांगेत. २००५ मध्ये रेस चालू असताना टायर बदलायची बंदी आणली, फेरारी आणि तिची टायर कंपनी ब्रिजस्टोन यांचं कंबरडंच मोडलं, वर्षभरात एकच रेस जिंकले आणि तीही इंडियानापोलिसची, जिथे दुसऱ्या टायर कंपनीच्या, म्हणजे मिशेलिनवाल्या सगळ्या टीम्स बाहेर बसल्या आणि सहाच गाड्या धावल्या. एखादी संघटना आपल्या लाडक्या टीमला असं वागवते का? वागवते कधीकधी, कारण तिला टीव्हीवर चुरस पण हवी असते. २००३ ला पॉइंट सिस्टीम बदलली तीही फेरारीने आदल्या वर्षी टायटल अर्ध्यातच संपवून टाकलं म्हणून. २०२० मध्ये मर्सिडीजचा क्वालिफायिंगचा पार्टी मोड (इंजिनला जादा ताकद देणारं सेटिंग) मॉन्झापासून बंद झाला. म्हणून फायदा कुणाला झाला हे विचारताना यादीत एक नाव कायम ठेवा, शोचं. सेपांगच्या निकालाने फेरारीला वाचवलं हे खरं, कन्स्ट्रक्टर्स (म्हणजे टीम्सचं) टायटल १२८ विरुद्ध १२४ ने मिळालं आणि त्यात सेपांगचे १६ पॉइंट होते, पण शेवटची रेस जिवंत राहिली हा फायदा कुणाकुणाला झाला ते पण मोजा.

अजून एक, मोजणीचा सापळा. पुढे धावणारी गाडी जास्त वेळा तपासली जाते आणि कॅमेरा पण तिच्यावरच असतो. २०२३ ला ऑस्टिनमध्ये रेसनंतर चारच गाड्यांचा प्लँक (तळाची फळी) तपासला, त्यातल्या दोन (हॅमिल्टन आणि लक्लेर) बाद. बाकीच्या गाड्यांचं काय हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर पक्षपात नाही, रँडम तपासणी हे आहे. आणि "नो फर्दर अॅक्शन" (पुढे कारवाई नाही) वाले कागदही मोजायचे, ते सोडून दिले तर शीटला काही अर्थ नाही.

तारखा लिहा

कंटाळवाणं काम, पण इथे माल सापडतो. सीझनच्या मध्येच नियमाचं स्पष्टीकरण आलं तर तीन तारखा लिहायच्या, तक्रार कधी झाली, स्पष्टीकरण कधी आलं, लागू कधी झालं. २००३ घ्या. हंगेरीनंतर शूमाकर ७२, मोंटोया ७१, रायकोनेन ७०, आणि दोघेही प्रतिस्पर्धी मिशेलिनवर. त्याच सुमाराला एफआयएने सांगितलं की पुढच्या टायरच्या ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या भागाची) रुंदी आता वापरून झाल्यावरही मोजणार, २७० मिलिमीटरच्या आत पाहिजे. मुद्दा काढला होता ब्रिजस्टोनच्या बाजूने. मिशेलिनला घाईघाईत टायर बदलावे लागले आणि उरलेल्या तिन्ही रेस फेरारीने जिंकल्या, टायटल ९३ विरुद्ध ९१. बघताना अंगावर काटा येतो ना? पण २७० चा आकडा नियमात आधीपासून होता, वाद होता तो कधी मोजायचं याचा. माझं मत विचाराल तर नियम बरोबर होता आणि टायमिंग संशयास्पद. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, लोकांना तेच पचत नाही.

शिक्षेचं वजन करा

दोषी ठरवलं म्हणजे शिक्षा झाली असं नाही. २०१० ला हॉकेनहाइममध्ये फेरारीच्या मासाला रेडिओवर सांगितलं की फर्नांडो (त्याचा टीममेट अलोन्सो) तुझ्यापेक्षा फास्ट आहे, त्याने जागा सोडली, टीम ऑर्डर तेव्हा बेकायदेशीर होती, स्टुअर्ड्सनी दोषी धरून १ लाख डॉलर दंड केला. पुढे कौन्सिलने काहीच वाढवलं नाही आणि पॉइंट तसेच. म्हणजे अलोन्सोला १८ ऐवजी २५, तब्बल ७ जास्तीचे, आणि त्या वर्षी टायटल तो ४ पॉइंटने हरला. त्या ७ पॉइंटांवर तो टायटल जिंकला असता तर काय गोंधळ उडाला असता विचार करा. २००७ च्या हेरगिरी प्रकरणात (मॅक्लारेनकडे फेरारीची गुप्त माहिती सापडली होती) मात्र मॅक्लारेनला १० कोटी डॉलर दंड आणि कन्स्ट्रक्टर्सचे सगळे पॉइंट शून्य, त्यात तक्रारदार फेरारी, आणि त्याच वर्षी रेनोकडे मॅक्लारेनची माहिती सापडली तर दोषी पण शिक्षा शून्य. हे जुळं मला आजही पटत नाही.

बंद दार

आता मुख्य गोष्ट. इतकी वर्षं हे सगळं बघून मला जे वाटतं ते असं की ५ सेकंदांच्या पेनल्टीत पक्षपात शोधणं म्हणजे वेळेचा अपव्यय, तिथे गोंधळ असतो, कटकारस्थान नाही. झुकायचंच असेल तर ते जिथे कागद बाहेर येत नाही तिथे झुकतात.

२०१९ मध्ये फेरारीचं इंजिन सरळ रस्त्यावर अचाट पळत होतं, उन्हाळी सुट्टीनंतर स्पा, मॉन्झा, सिंगापूर लागोपाठ. संशय असा की इंधनाचा फ्लो तासाला १०० किलोच्या मर्यादेपेक्षा जास्त जातोय आणि सेन्सरला कळत नाहीये. चौकशी झाली. आणि २८ फेब्रुवारी २०२० ला, सीझनआधीच्या टेस्टिंगच्या शेवटच्या दिवशी, एफआयएने काही ओळींचं निवेदन काढलं की फेरारीसोबत समझोता झालाय आणि तपशील गुप्त राहणार. बस. सात टीम्सनी जाहीर पत्रक काढून धक्का बसल्याचं सांगितलं (न काढणाऱ्या हास आणि अल्फा रोमिओ, दोघांकडे फेरारीचंच इंजिन, हेही लिहून ठेवा). मग एफआयए म्हणाली की पूर्ण समाधान झालं नव्हतं पण प्रकरण इतकं गुंतागुंतीचं की पुढे गेलो असतो तरी सिद्ध होईलच असं नव्हतं. २०२० साठी दुसरा फ्लो सेन्सर सक्तीचा झाला आणि फेरारी दुसऱ्या नंबरवरून सहाव्यावर आली. यातून काय सिद्ध होतं? कायद्याने काहीच नाही. पण रीझनचा रकानाच कोरा असेल तर संशय घ्यायचा हक्क बघणाऱ्याला आपोआप मिळतो.

शेजारी ठेवा २०२२ चा रेड बुलचा बजेट कॅपचा (खर्चाच्या मर्यादेचा) समझोता. तोही समझोताच, तोही आतल्या खोलीत झालेला, पण बाहेर आकडे आले: २०२१ मध्ये मर्यादेपेक्षा १८ लाख ६४ हजार पौंड जास्त, म्हणजे १.६ टक्के, टॅक्स क्रेडिट नीट धरलं असतं तर ०.३७ टक्के, शिक्षा ७० लाख डॉलर आणि एअरोडायनॅमिक टेस्टिंगमध्ये १० टक्के कपात. शिक्षा कमी वाटते का? वाटू दे, भांडता तरी येतं, कारण समोर आकडे आहेत.

याच खात्यात फेरारीचा व्हेटो पण येतो. २००९ मध्ये बजेट कॅपविरुद्ध फेरारी पॅरिसच्या कोर्टात गेली तेव्हा नियमांवर आपला नकाराधिकार आहे हे उघडपणे मांडलं (केस हरले), आणि २०१५ मध्ये इंजिनच्या किमतीवर मर्यादा आणायचा प्रस्ताव तोच व्हेटो वापरून पाडला. बाकी कुठल्याही टीमकडे हे हत्यार नाही. हा पक्षपात कुणी आरोप म्हणून करायची गरजच नाही, तो करारात लिहिलेला आहे. आणि माणसांच्या नात्यांवरून निष्कर्ष काढताना जरा बेताने, फेरारीचे जुने बॉस ज्याँ टॉड २००९ ते २०२१ एफआयएचे अध्यक्ष होते आणि त्या काळात फेरारीने एकही टायटल जिंकलं नाही. इंजिनचा तो समझोता मात्र त्यांच्याच काळातला.

चूक की मेहेरबानी

अबू धाबी २०२१ सोडून गाइड पूर्ण कशी होणार. शेवटचे काही लॅप, सेफ्टी कार, मर्सिडीजचा हॅमिल्टन पुढे, रेड बुलचा वर्स्टापेन मागे, त्यांच्या मध्ये-मागे मिळून एक लॅप मागे पडलेल्या आठ गाड्या, रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी फक्त मधल्या पाचच पुढे सोडल्या आणि नियमाप्रमाणे सेफ्टी कार अजून एक लॅप राहायला हवी होती ती त्याच लॅपला आत घेतली. शेवटच्या लॅपला वर्स्टापेन पुढे गेला आणि टायटल घेऊन गेला. मर्सिडीजचा प्रोटेस्ट फेटाळला, अपीलची तयारी होती पण केलं नाही, मार्चमध्ये एफआयएचा रिपोर्ट आला, मानवी चूक, हेतू चांगला. मासी यांना त्याआधीच पदावरून हलवलं होतं. मी तो रिपोर्ट मानतो, कारण त्यांना रेस सेफ्टी कारच्या मागे संपवायची नव्हती हे रेडिओवर ऐकू येतं, रेड बुलला जिंकवायचं होतं हे कुठेच ऐकू येत नाही. फायदा रेड बुललाच झाला, शंभर टक्के. पण हेतूचा पुरावा वेगळा लागतो: आधीचा संपर्क, तोच माणूस त्याच टीमच्या बाजूने परत परत, किंवा लपवलेला कागद. यातलं एकही नसेल तर शीटमध्ये "चूक" लिहा आणि पुढे चला.

आणि हे सगळं रेसच्या रात्री करू नका. पेनल्टीचे कागद लवकर येतात पण गाडी मोजल्याचे रिपोर्ट उशिरा, २०२५ ला लास व्हेगासमध्ये मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या प्लँक जास्त झिजला म्हणून बाद झाल्या तेव्हा पोडियम उरकून तास उलटले होते. त्यावर रिव्ह्यू (निकाल पुन्हा तपासणं) मागितला तर अजून काही दिवस, आणि तिथे नवा, महत्त्वाचा, आधी हातात नसलेला पुरावा लागतो, त्यामुळे बहुतेक अर्ज दारातूनच परत जातात. शीट उघडायची ती त्यानंतरच.